उंदीर वायर का कुरतडतो? तुम्ही विचारलंत म्हणून

पावसाळा लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. पार्किंगच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं, आणि कुणाची तरी गाडी सकाळी सुरू होत नाही. बॉनेट उघडावं तर आत चिंध्या, कागदाचा भुगा, कधी अर्धी पोळी आणि तुटलेली वायर. मग मंडळी माझ्याकडे येतात. मी ३१ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुण्यातल्या समस्त उंदरांच्या वागणुकीचा खुलासा मीच करायचा, असं ठरून गेलंय.

"मॅडम, अहो, त्या वायरीत खाण्यासारखं असतं तरी काय?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, रिक्षात विचारला गेलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. तिथे उत्तर देण्याची सोय नव्हती. आता सावकाश देते.

बहुतेकांकडे एक उत्तर तयार असतं. "त्याचे दात सारखे वाढतात ना, म्हणून त्याला कुरतडत राहावं लागतं. नाही कुरतडलं तर मरेल बिचारा." खोटं नाही हे. पण अर्धंच आहे, आणि मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात ते अर्धंच सांगत आले. उरलेलं अर्धं मला पुस्तकाने नाही, घुबडाने शिकवलं.

शनिवार पेठेत आमच्या एका नातेवाइकांचा जुना वाडा होता. माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहायची. घरातले लोक तिला अशुभ म्हणून घाबरायचे, मी मात्र डबा घेऊन जायची. गव्हाणी घुबड उंदीर फाडून खात नाही, बहुधा अख्खा गिळतं. मांस पचतं. केस आणि हाडं पोटात गोळा होतात आणि अंगठ्याएवढा काळसर गोळा करून ते तोंडावाटे टाकून देतं. असा गोळा कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवला की आतून दोन-तीन कवट्या निघतात, अगदी स्वच्छ, जणू कुणी मुद्दाम घासूनपुसून ठेवल्यात. स्वयंपाकघरात हा उद्योग चालायचा, त्यामुळे घरात माझी किंमत काय होती ते विचारू नका.

त्या कवट्या ओट्यावर ओळीने मांडल्या की नजर आधी समोरच्या दातांवर जाते. वर दोन, खाली दोन. नारिंगी. मुलांना वाटायचं, उंदीर दात घासत नाही म्हणून. तसं नाही. त्याच्या दाताच्या बाहेरच्या एनॅमलमध्ये, म्हणजे कठीण कवचात, लोह असतं, त्याचा तो रंग. खारीचे दातही तसेच, साळिंदराचेही.

आपल्या भाषेत या दातांना पटाशीचे दात म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याने एक तर सुतारकाम जवळून पाहिलं असणार, नाही तर उंदीर. आपल्या तोंडात तो शब्द उगाच मिरवतो, शोभतो तो उंदराच्या तोंडात. कारण उंदराच्या दाताला एनॅमल फक्त पुढच्या बाजूने असतं. मागे उघडं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला, त्यामानाने मऊ भाग. वापरताना मागचं लवकर झिजतं, पुढचं उशिरा, आणि टोकाला आपोआप तिरका उतार येतो. सुताराला पटाशी दगडावर घासून धार लावावी लागते. उंदराची पटाशी वापरली की धार लागते.

शिवाय ती संपत नाही. आपल्या दातांची मुळं दात आला की बंद होतात. उंदराच्या पटाशीचं मूळ जन्मभर उघडं असतं आणि तळाशी नवा दात तयार होतच राहतो. उंदराचे वरचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात, खालचे त्याहून थोडे जास्त. वर्षाचा हिशोब केला तर वीतभर नाही, पण १० सेंटिमीटरच्या वर सहज जातो. एवढा दात राहतो कुठे? तोंडाबाहेर दिसतो तो नुसता शेंडा. बाकीचा कमानीसारखा वळून हाडाच्या आत गेलेला असतो. खालचा तर दाढांच्याही मागे पोचतो. जबडा फोडून तो अख्खा दात पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा मला वाटलं, या प्राण्याला दात नाहीत. हे चार दातच आहेत आणि त्यांना प्राणी जोडलाय.

तर वाढ होते हे खरं. पण ती वाढ रोखायला वायर लागत नाही. उंदीर दातांवर दात घासतो. खालचे वरच्यांवर, वरचे खालच्यांवर, नुसता बसलेला असला तरी त्याचं हे काम चालू असतं. पाळलेला पांढरा उंदीर मांडीवर निवांत बसला की बारीक करकर ऐकू येते आणि त्याचे डोळे आतबाहेर हलतात, कारण जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या खोबणीतून जातो. पाहणारा घाबरतो. उंदीर मजेत असतो. मऊ खाणं खाऊन जगणाऱ्या उंदराचेही दात मापात राहतात ते यामुळे. बिघडतं केव्हा, तर समोरचा दात मोडतो तेव्हा. घासायला जोडीदार नसला की उरलेला दात वळत वळत वाढतो. आमच्या कॉलेजच्या संग्रहात अशी एक कवटी होती. वरचा दात पूर्ण वर्तुळ करून टाळूत घुसलेला. परीक्षेत ती समोर ठेवली की मुलं हमखास हत्तीच्या गोष्टी सांगायला लागत.

मग वायर का?

उत्तर पार्किंगच्या फरशीवर पडलेलं असतं, पण कुणी खाली बघत नाही. वायर जिथे तुटली त्याच्या खाली वाकून बघा. रबर-प्लॅस्टिकचा भुगा पडलेला असतो. म्हणजे त्याने ते खाल्लं नाही. कुरतडून बाजूला टाकलं. उंदराला सुळे नसतात. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यात लांबलचक मोकळी हिरडी असते. कुरतडताना तो दोन्ही बाजूंचे ओठ त्या फटीत आत ओढून घेतो आणि तोंड मागून बंद होतं. दात बाहेर, तोंड बंद. भुगा घशात जात नाही. सुताराने तोंडाला फडकं बांधून रंधा मारावा तसं.

आपण ज्या कामांना हात, कात्री, पक्कड वापरतो त्या सगळ्यांना उंदीर तोंड वापरतो. वाट अरुंद असली तर रुंद करायला, एखादी वस्तू काय आहे ते कळून घ्यायला, पिलांसाठी चिंध्या काढायला. भिंतीच्या कडेने, ठरलेल्या रस्त्याने, मिशांनी चाचपत तो जातो, आणि त्या रस्त्यावर जे आडवं येईल त्याला दात लागतो. रात्री बंद केलेल्या गाडीचं इंजिन कोमट असतं, बॉनेटखाली पाऊस लागत नाही, मांजर शिरत नाही. त्याच्या दृष्टीने तो वन बीएचके आहे. त्यात वायरी लोंबत असतील तर त्याने काय करावं? वाड्यांतल्या जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या वायरीही तो कुरतडायचाच, तेव्हा नव्या गाड्यांच्या नावाने फार बोटं मोडू नयेत.

आता जबडा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, क्षमा असावी.

गालावर बोटं ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू टरारून फुगतो तो आपला चावण्याचा मुख्य स्नायू. दंडातल्या अशा फुगवट्याला आपण बेडकुळी म्हणतो, म्हणजे बेडकाचं पिल्लू. लॅटिन बोलणाऱ्यांना तिथे कातडीखालून पळणारा उंदीर दिसला, आणि त्यांच्या 'छोट्या उंदरा'पासून इंग्रजीतला 'मसल' आला. आपण बेडूक पाहिला, त्यांनी उंदीर. गालाच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने मत देईन. आपला हा स्नायू गालाच्या हाडापासून खाली जबड्यापर्यंत जातो आणि संपतो. उंदरात तो पुढे सरकत थेट नाकाडापर्यंत पोचलाय, आणि त्याचा एक पदर तर डोळ्याच्या पुढे असलेल्या भोकातून आरपार गेलाय. आपल्यालाही तिथे भोक आहे, पण त्यातून फक्त नस आणि रक्तवाहिनी जाते. उंदराने त्या खिडकीतून दोरखंड ओढून घेतला.

स्नायू इतका पुढून ओढतो म्हणून खालचा जबडा पुढे-मागे सरकू शकतो. पुढे सरकला की पटाशी पटाशीला भिडते आणि कुरतडणं चालतं, तेव्हा दाढा एकमेकींना लागत नाहीत. मागे सरकला की दाढा भिडतात आणि चघळणं चालतं, तेव्हा पटाशी मोकळी. दोन यंत्रं, एक जबडा, एका वेळी एकच चालू. खारीत हाच स्नायू भोकातून न जाता बाहेरून नाकाडावर चढलाय. साळिंदरात त्याचा आतला पदर भोकातून गेलाय, आणि ते भोक इतकं मोठं आहे की नवखा विद्यार्थी त्यालाच डोळ्याची खोबण समजतो. उंदराने दोन्ही युक्त्या घेतल्या. आज संख्येत आणि जातींत उंदीरच पुढे आहेत, त्याचं थोडं श्रेय मी या गालफडाला देते.

खार, साळिंदर, घूस, उंदीर हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींतल्या साधारण दोन या गणातल्या आहेत. आपलं शेकरूही त्यातलंच. भीमाशंकरच्या जंगलात सहलीला नेलेल्या मुलींना मी हे सांगितलं तर त्या रुसल्या. "मॅडम, राज्यप्राण्याला उंदीर काय म्हणता!" उंदीर नाही म्हटलं मी. चुलत घराणं म्हटलं. पुढच्या वेळी शेकरू फळ फोडताना दिसलं तर शेपटीऐवजी तोंडाकडे बघा.

आणि आता जिच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो ती. चिचुंद्री.

तिला लोक उंदीर समजून मारतात. घुबडाच्या गोळ्यातून तिची कवटी निघाली की एका नजरेत कळतं: लांबुडकी, निमुळती, आणि दात पांढरे. बारीक टोकांचे, सुयांसारखे, ३० दात. उंदराचे १६. मधे मोकळी जागा नाही, सगळी रांग भरलेली. हे दात कुरतडण्याचे नाहीत, झुरळाचं कवच फोडण्याचे आहेत. ती किडे खाते. तिच्या कुशीतल्या ग्रंथींचा वास येतो म्हणून मांजर तिला मारलं तरी बहुधा खात नाही. पिलं घेऊन निघाली की एकाच्या शेपटीकडचे केस दुसऱ्याने दातात धरायचे, अशी आगगाडी करून ती नेते. मी हे एकदाच पाहिलंय, प्रभात रोडच्या एका गल्लीत, आणि भाजीची पिशवी रस्त्यात ठेवून तिथेच उभी राहिले होते.

सशाचंही असंच, पण उलट्या बाजूने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याला कृंतकांतच धरत. त्याचे दातही जन्मभर वाढतात. पण सशाच्या वरच्या पटाशीमागे आणखी एक इवलीशी जोडी लपलेली असते. तेवढ्या दोन दातांवरून त्याचा गण वेगळा झाला. तरी नातं तुटलं नाही. ससे आणि कृंतक आजही सख्खे शेजारी मानले जातात.

नात्याचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना ज्यामुळे चहा पिववेना ते सांगते. २००१ च्या सुमारास डीएनएच्या मोठ्या अभ्यासांनी सस्तन प्राण्यांची वंशावळ नव्याने मांडली. त्यात उंदीर आणि ससे आपल्या फांदीवर आले, माकडं आणि माणसांसोबत. कुत्रा, मांजर, गाय, घोडा, वटवाघूळ हे सगळे दुसऱ्या फांदीवर. चिचुंद्रीही तिकडेच. म्हणजे चिचुंद्रीला उंदरापेक्षा गाय जवळची, आणि तुम्हाला तुमच्या लाडक्या मांजरीपेक्षा ती तोंडात धरून आणते तो उंदीर जवळचा.

"काहीतरीच काय मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, मान मोजा. उंदराच्या मानेत मणके ७, तुमच्या मानेत ७. मग त्यांनी विचारलं, "आणि जिराफाच्या?" तेही ७, त्यामुळे माझा मुद्दा पडला. पण प्रश्न चांगला होता. मानेचे मणके जवळपास सगळ्याच सस्तन प्राण्यांत ७, आणि कानातली तीन हाडंही सगळ्यांत. त्यातली दोन तर मुळात सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली. चावण्याचं काम सुटलं तशी ती ऐकण्याच्या कामाला लागली. जबड्यात उरलं एकच हाड, ज्यावर मी एवढा वेळ बोलतेय. फरक बघायचे तर आत बघावं लागतं. व्हायव्हात मी एक लबाड प्रश्न विचारायची: उंदराचं पित्ताशय दाखव. मुलं घाम गाळत शोधायची. मोठ्या उंदराला ते नसतंच. घरातल्या छोट्या उंदराला असतं.

दख्खनमध्ये उंदीर पहिल्यापासून नव्हते. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड हे सगळं लाव्ह्याचं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचं. एक थर आला, थंडावला, त्यावर तळी झाली, झाडं आली, मग पुढचा थर. त्या मधल्या काळातला गाळ काही ठिकाणी लाव्ह्याच्या दोन थरांत दबून राहिला. तेलंगणात नस्कल नावाच्या गावाजवळ तो गाळ चाळून प्रसाद आणि साहनी या शास्त्रज्ञांना मोहरीएवढे दात मिळाले. १९८८ मध्ये त्यांनी त्या प्राण्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. हिस्लोपी हे नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून, आणि डेक्कनोलेस्टिस म्हणजे दख्खनचा लुटारू. गंमत बघा, आपला मूषक शब्दही चोरी करणे या अर्थाच्या 'मुष्' धातूवरून आलाय. पण हा लुटारू उंदीर नव्हता. दाढांवर टोकं होती, किडे खाणारी. चिचुंद्रीच्या वळणाचं काहीतरी म्हणा, रक्ताचं नातं न लावता. तो डायनोसॉरांच्या पायांखालून धावत होता आणि पटाशीवाले खरे कृंतक त्यानंतर काही लाख नव्हे, तर जवळजवळ एक कोटी वर्षांनी अवतरले.

डोंगर पोखरून उंदीर काढला असं आपण फजितीला म्हणतो. नस्कलला त्यांनी शब्दशः डोंगर पोखरून उंदराएवढा प्राणी काढला, आणि भारतातला डायनोसॉरांच्या काळाअखेरचा सस्तन प्राणी जगाला पहिल्यांदा दिसला. हा वाक्प्रचार मी तेव्हापासून जपून वापरते.

माझ्या आजीला यातलं काही सांगितलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते. तिच्या लहानपणी घरात १८९७ च्या पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी ताज्या होत्या. मेलेला उंदीर पडला की घर सोडायचं, एवढंच लोकांना कळलं होतं. का, ते पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं: रोग उंदराच्या अंगावरची पिसू नेते. उंदीर गार पडला की पिसू दुसरं ऊबदार अंग शोधते. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्यामुळे माझ्या या उंदीरकौतुकाला मर्यादा आहेत. धान्याच्या डब्यात मी त्याला सहन करत नाही, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका असं कळकळीने सांगते, कारण लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदराच्या मुतातून तिथेच येतात.

तर काय करायचं? तंबाखूच्या पुड्या, फिनेल, डांबराच्या गोळ्या, अगरबत्ती. सगळं आमच्या पार्किंगमध्ये होऊन गेलंय. वासाची सवय होते. विषाचं औषध ठेवलं तर उंदराला उलटी करता येत नाही म्हणून ते लागू पडतं खरं. पण नवं खाणं तो आधी चिमूटभर चाखून बघतो, आणि शिवाय मेलेला-अर्धमेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. ते मला परवडत नाही.

म्हणून दाताचाच हिशोब करा. त्याचं एनॅमल तांब्याहून कठीण, ॲल्युमिनियमहून कठीण, शिशाचं तर नावच नको. पण पोलादापुढे त्याचं चालत नाही. प्लॅस्टिकची जाळी, लाकडाची फळी, थर्माकोल म्हणजे त्याला करमणूक. पोलादी बारीक जाळी लावा. छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून शिरतो, तेव्हा पाइपाभोवतीच्या भोकांत आधी भांड्यांची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट भरा. पार्किंगमधली खरकट्याची बादली रात्री उचला. गाडी आठ-आठ दिवस एका जागी ठेवू नका, तुम्ही न वापरलेली गाडी दुसरं कुणीतरी वापरायला घेतं.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गेल्या महिन्यात हे सगळं केलं. जाळी लावताना जिन्याखालचं एक भोक बुजवायचं राहिलं म्हणून मला हाक मारायला आले. मी टॉर्च घेऊन खाली गेले, वाकून पाहिलं. भोकाच्या तोंडाशी झुरळांचे पंख पडले होते, भुगा कुठेच नव्हता.

"हे राहू द्या," म्हटलं.